येझदीचं लोढणं

शहागंजच्या घड्याळाला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरलं की माझं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि दारात स्टुलावर बसलेली माझी आई. वर पाटी आहे, मीच रंगवलेली: 'अजिनाथ. जुन्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरमधील अडकलेले, तुटलेले काढून मिळेल.' एवढंच. पंक्चर, ऑइल, गाडी धुणं असली कामं मी करत नाही आणि कुणी विचारलं तर मला राग येतो. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन कुणी दाढी करून मागतं का?

ज्यांनी कार्बोरेटर उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवणारं ते मुठीएवढं भांडं. त्यात एक नळकांडं वरखाली होतं, त्याला स्लाइड म्हणतात. ॲक्सिलेटर पिळला की केबल स्लाइडला वर ओढते आणि गाडी पळते. सोडला की स्प्रिंग तिला खाली दाबते आणि गाडी शांत होते. स्लाइडच्या बुडाला एक सुई असते, ती खालच्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल वर येतं त्या नळीच्या, भोकात जात-येत असते. बाकी काही नाही. पण गाडी कोपऱ्यात उभी राहिली की स्लाइड जागच्या जागी चिकटते, आणि मग घरातला सगळ्यात उत्साही माणूस पक्कड घेऊन पुढे येतो. तो थकला की उरलेलं माझ्याकडे येतं.

माझी आई बानाबाई. तिचा सगळा जन्म पैठणकडच्या माळावर मेंढरांमागं गेला. गुडघे बोलायला लागले तेव्हा मी तिला संभाजीनगरात आणलं. घरात तिला करमेना, म्हणून रोज दुकानात येते, मिसरी लावते आणि माझ्या कामावर देखरेख करते. तिच्या मते कार्बोरेटर आणि अडलेली मेंढी यांत काही फरक नाही. गिऱ्हाइकासमोरसुद्धा म्हणते, "ह्याच्यापरीस मेंढी बरी. कुठं दुखतंय ते वरडून तरी सांगती." गिऱ्हाईक हसतं. मी दात-ओठ खात पाना फिरवतो.

नवरात्र बसायच्या सुमाराला सांडूनाना आले. गंगापूरकडचे ऊसवाले, पांढरंफेक धोतर, कडक टोपी, आणि आवाज असा की पलीकडच्या अत्तरवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं माझ्या टेबलावर आपटलं.

"काढ बाहीर."

"काय?"

"आत जे बसलंय ते. येझदीचा कार्बेटर हाय. पोळ्यापासून आतलं हलंना झालंय. म्या पेचकस घालून उचकटाया गेलो तर सुईच मोडली. अर्धी आतच ऱ्हायली."

"स्क्रू-ड्रायव्हर कशाला घातला नाना? देवळात चप्पल घालून गेल्यासारखं आहे हे."

"ए बाबा, अक्कल नगं शिकवू. मला दसऱ्याला गाडी पायजे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून दरवर्षी दसऱ्याला सांडूनाना याच येझदीवरून सीमोल्लंघन करतात. गावाच्या शिवेपलीकडे जायचं, आपट्याची पानं आणायची आणि गावभर सोनं वाटायचं. त्यांच्या घरची रीतही कडक: जे चालतं त्यालाच दसऱ्याचा हार. बंद पडलेल्या यंत्राला हळदकुंकूसुद्धा नाही. आणि यंदा गाडी हलेना म्हटल्यावर त्यांचा मुलगा विश्वजीत, जो वाळूजला कंपनीत आहे, त्यानं शहरातल्या एका हॉटेलवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं. हॉटेलवाल्याला जुनी मोटारसायकल हवी होती.

"चालवाया नाय," नाना म्हणाले. "भिंतीवर टांगाया! लोकं खाली बसून कॉफी पिणार अन् वर माझी येझदी लटकणार. ती काय हरणाचं मुंडकं हाय का?"

"मग नाही म्हणा की."

"म्हणलो. भांडण झालं. रागाच्या भरात शब्द गेला, दसऱ्याला गाडी शिवेपल्याड गेली तर घरात ऱ्हाईल, नाय गेली तर घेऊन जा." एवढा मोठा आवाज एकदम खाली आला. "आता शब्द म्हंजे शब्द. तू काढ ते."

माय स्टुलावरून म्हणाली, "रागात दिलेला शब्द अन् भरल्या पोटी दिलेलं आवतन, दोन्ही दुसऱ्या दिवशी जड जात्यात."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. जाताना दारात वळून माझ्या पाटीकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही आला. माझ्या टेबलावर आलेलं काही आजवर आत राहिलेलं नाही.

हे मात्र राहिलं. डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, ढिम्म. पेट्रोलनं धुतलं, गंजावरचं तेल पाजलं, गरम हवेनं भाजलं. पकडीत धरून ओढलं तेव्हा माझ्याच खांद्यातून आवाज आला. स्लाइड तिथंच. दिवस जात होते आणि माझ्या तोंडून शिव्या जात होत्या.

"ओढू नगं," माय म्हणाली.

"माय, तू गप बस."

"अडलेलं कोकरू ओढलं की कोकरू बी जातं अन् मेंढी बी. आधी आत लोट. जागा कर. मग वळवून काढ."

"ही मेंढी नाही."

"व्हय की. मेंढी असती तर तिनं तुला लाथ घातली असती."

अडला हरी, अशी एक म्हण आहे. हरी पुढं कोणाचे पाय धरतो ते मी इथं लिहीत नाही. मायला वाचता येत नाही, पण वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. मी लाकडाची एक गुळगुळीत दांडी घेतली, स्लाइडवर टेकवली आणि बाहेर ओढायच्या ऐवजी हलकेच आत दाबली. ती केसभर सरकली. कडेनं तपकिरी, चिकट असं काहीतरी वर आलं. जुनं ऑइल असेल म्हणून मी पुसायला फडकं उचललं, तेवढ्यात मायनं ते बोटावर घेतलं, नाकाशी धरलं आणि सरळ चाटलं.

"माय! पेट्रोल आहे ते!"

"पेट्रोल असंल," ती जीभ टाळ्याला लावत म्हणाली, "पण गोड हाय. काकवी हाय ही. चांगल्या गुऱ्हाळाची."

मी कपाळाला हात लावला. उसाची काकवी! डिझेल, पेट्रोल, तेल, कशानंही साखर विरघळत नाही, आणि इतके दिवस मी पाकाला डिझेल पाजत बसलो होतो. समोरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं आणि पातेल्यात कार्बोरेटर सोडला. पाणी चहाच्या रंगाचं झालं. मग दांडीनं आत लोटून, थोडं वळवून, बोटानं उचलली आणि स्लाइड निमूटपणे बाहेर आली. मोडकी सुई जेटमध्ये होती, तिला खालून तांब्याची तार घालून आल्या वाटेनं वर लोटली. जुन्या सामानाच्या डब्यात जोडीची सुई मिळाली. काम झालं.

पण कार्बोरेटरात काकवी आपल्या पायानं जात नाही. वरचं टोपण उघडून कुणीतरी ओतली होती. कोण?

माझा संशय विश्वजीतवर. आणि दुसऱ्याच दिवशी स्वारी स्वतः हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. इकडतिकडचं बोलून म्हणाला, "अजिनाथभाऊ, नाही निघालं तरी काही हरकत नाही बरं का. जुनी वस्तू आहे. प्रत्येक वस्तूचं एक वय असतं."

मायनं विचारलं, "पोरा, घरी काकवी खातोस का रं?"

"छे. मला शुगर निघाली. गोडाचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"अन् कार्बेटरचं टोपण कुण्या बाजूला फिरतं?"

"टोपण असतं का त्याला?"

मायनं माझ्याकडे पाहून मान हलवली. हा नाही. आणि मग विश्वजीतचा कंपनीतला आवाज गेला, घरातला आला. "मावशी, तुम्हाला वाटतंय मी गाडीच्या जिवावर उठलोय. मी नानांच्या जिवाला भितोय. नानांना ॲक्सिलेटरच्या दोनच जागा माहीत आहेत, बंद आणि सगळा. पोळ्याच्या आधी पुलावरून वळायच्या ऐवजी सरळ उसात घुसले. उसात माणूस दिसतं होय? हॉर्न वाजवत बसले म्हणून सापडले. वर हसत होते. आई त्या दिवशी जेवली नाही."

तो गेल्यावर माय बराच वेळ मिसरी घोळवत बसली. "आईच असणार," ती म्हणाली.

आणि आलीच. दसऱ्याचं सामान घ्यायला म्हणून जीपनं शहरात आलेल्या दगडाबाई, पिशवीत सामान काहीच नाही, गल्लीत दोनदा पुढं जाऊन माघारी फिरल्या आणि मग दाराशी थांबल्या.

"सांडू पाटलांचं काम इथंच हाय ना? निघालं का ते?" असं विचारलं की बाईला 'नाय' हेच ऐकायचंय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

माय उठली, त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला. आणि कप हातात देताना साळसूदपणे म्हणाली, "बाई, साखर कमी पडली तर सांगा. आमच्याकडं काकवी हाय. तुमच्याच घरची."

दगडाबाईंच्या बशीत चहा सांडला. मग त्या हसल्या, पदर तोंडावर धरून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"काय करू बाई? किती सांगितलं, हळू चालवा. मला घेऊन पैठणला निघाले होते एकदा. ढोरकीनजवळ म्हशी आडव्या आल्या, गाडी जरा हळू झाली, तशी म्या उतरूनच गेले. जीव नकोसा झाला होता. ह्यांना पत्ता नाय! पैठणपातुर मला उसाचा भाव सांगत गेले. म्या मागून एष्टीनं गेले. तवापासून मागं बसले नाय मी. अन् आता उसात घुसले. उद्या विहिरीत घुसतील. म्हणून गाडीच्या घशात एक पळी काकवी ओतली. टोपण कसं उघडतं ते मला ठाऊक हाय, जन्मभर ह्यांना बॅटरी धरून उभी ऱ्हायलेय."

"मग झालं की मनासारखं," मी म्हणालो. जरा तोऱ्यातच, कारण माझं डिझेल वाया गेलं होतं.

"कसलं मनासारखं! मला ती नुस्ती बंद पाडायची होती. भिंतीवर टांगायची नव्हती." त्यांनी कप खाली ठेवला. "माझी सवतच ती. पण हॉटेलात टांगणार म्हणल्यापासून ह्यांनी भाकर टाकलीय. रोज गोठ्यात जाऊन तिच्या सीटवर बसत्यात, चालू नसलेल्या गाडीवर. तोंडानं आवाज बी काढीत नायत. मला बघवंना. चालू झाली तर माणूस जातंय, नाय झाली तर बी माणूस जातंय. तुम्हीच सांगा म्या काय करू?"

मी काय सांगणार? माझं काम काढायचं. मी मायकडे पाहिलं. ती रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाईकडे बघत होती.

"वढाळ जनावर असतं," ती म्हणाली, "सारखं दुसऱ्याच्या रानात पळणारं. त्याला आपण काय करतो बाई?"

"लोढणं बांधतो गळ्यात."

"व्हय. इकत नाय, कोंडत नाय, पाय मोडत नाय. लाकडाचा एक ओंडका गळ्यात. चरतं बी, चालतं बी. फक्त पळत नाय." आणि माझ्याकडे वळली. "अजिन्या, ह्या कार्बेटरला गळा कुठं असतो?"

मला तिथल्या तिथं कळलं. स्लाइडच्या वर, स्प्रिंगच्या आत, केबलवर एक छोटी नळी ओवली की स्लाइड पूर्ण वर उचललीच जाणार नाही. तिसरा हिस्सा उचलली की नळी टोपणाला टेकणार. ॲक्सिलेटर कितीही पिळा.

"नाही," मी म्हणालो. "पाटीवर 'काढून मिळेल' लिहिलंय. गिऱ्हाइकाला न सांगता आत काही घालणं म्हणजे बेइमानी. माझ्या उस्तादांनी हात तोडले असते."

"पाटी बदलता येती," माय म्हणाली. "सांडूपाटील बदलून मिळत नाय."

दगडाबाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मी सायकलच्या जुन्या पंपाची पितळी नळी घेतली, बोटाच्या पेराएवढी कापली आणि तिच्या कडा मऊ घासल्या. काम वाईट, पण केलं उत्तम. त्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

दसऱ्याला मी आणि माय नानांच्या गावी गेलो. कार्बोरेटर मी नव्या केबलसकट, टोपण घट्ट आवळूनच नेला होता. नानांसमोर ते उघडायची माझी छाती नव्हती. अंगणात येझदी धुऊनपुसून उभी होती, तिच्याजवळ पाटावर हार ठेवलेला, पण अजून घातलेला नाही. बाभळीखाली हॉटेलवाल्याचा टेम्पो आणि टेम्पोत दोर. विश्वजीत त्याच्याशेजारी, कुणाकडेच न बघता उभा. गाव जमलं होतं. दगडाबाई उंबऱ्यात.

मी कार्बोरेटर बसवला, पेट्रोल सोडलं आणि बाजूला झालो.

नानांनी किक मारली. काही नाही. परत मारली. इंजिन नुसतं खोकलं. टेम्पोवाला बिडी विझवून उठला. नानांच्या कपाळावर घाम आला, टोपी तिरकी झाली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण त्या माणसाचा घात केला. नळी कुठं तिरकी बसली असेल तर? चोक! चोक ओढायचाच राहिला होता. मी धावत जाऊन ओढला. नानांनी दात आवळून लाथ घातली, आणि येझदी धडधडली. निळ्या धुरात अंगण दिसेनासं झालं. पोरं नाचायला लागली. नानांनी हार घातला, हळदकुंकू वाहिलं, किकची तीच दांडी पुढं पाडून (येझदीत किक आणि गियर एकाच दांडीचे) गियर टाकला आणि आपल्या रीतीप्रमाणे मूठ शेवटपर्यंत पिळली.

येझदी निघाली. रमतगमत. बैलाला लाज वाटेल अशा चालीनं. पोरं बरोबर पळत होती, मग पुढं गेली, मग थांबून वाट बघायला लागली. एक शेळी आडवी आली, उभी राहिली, विचार केला आणि सावकाश निघून गेली.

"आरं, ही पळंना का?" नाना ओरडले.

"नवं सामान आहे नाना," मी म्हणालो. "अंग मोकळं व्हायला वेळ लागतो." अशी थाप मी आयुष्यात मारली नव्हती. मायनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

तेवढ्यात दगडाबाई उंबरा उतरून आल्या. पदर खोचला, चालत्या गाडीच्या बरोबर चार पावलं चालल्या आणि मागं बसल्या. चालत्या गाडीवर! एवढीच गाडीची चाल होती.

नानांनी मान न वळवता विचारलं, "मागं कोण हाय?"

"मीच. चला."

गाडी वेशीपर्यंत गेली, शिवेचा दगड ओलांडला आणि पलीकडच्या आपट्याशी थांबली. विश्वजीत बराच वेळ तिकडं बघत उभा राहिला. मग त्यानं टेम्पोवाल्याच्या हातात सोनं दिलं, टेम्पोवाला वयानं लहान असूनही त्याच्या पाया पडला, आणि त्याला परत पाठवलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. मी तसं समजूनही चाललो होतो.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी गल्लीत येझदीचा आवाज आला. सांडूनाना उतरले. एकटेच. माझ्यासमोर उभे राहिले आणि मूठ उघडली. तळहातावर पितळी नळी.

"हे काय हाय?"

मी मायकडे पाहिलं. माय शहागंजच्या घड्याळात किती वाजले ते बघण्यात गुंग होती. तिला घड्याळ कळत नाही.

"नळी आहे नाना."

"ते मला बी दिसतंय. माझ्या गाडीत काय करत होती?"

उस्ताद, पाटी, इमान सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"ती गाडी शिंकली तरी मला कळतं," नाना म्हणाले. "दसऱ्याला अंगणातून निघालो तवाच वळखलं, हिच्या गळ्यात कुणीतरी लोढणं बांधलंय. तिथंच उतरून तुझी गचांडी धरणार होतो."

"मग धरली का नाही?"

"मागं ती येऊन बसली ना."

ते स्टुलावर बसले. मायनं न विचारताच जागा दिली.

"आता ती माहेरी गेलीय. म्हणून काल टोपण उघडलं, हे काढून टाकलं अन् पळवली. लई पळवली. पहिल्यासारखी." त्यांनी नळी बोटांत फिरवली. "मजा नाय आली. दसऱ्यापासून ती मागं बसती, रानात जाती, बाजाराला येती. रस्ताभर बोलती. म्या उसाचा भाव सांगतो, ती 'व्हय' म्हणती. काल बी म्या सांगत होतो. अर्ध्या वाटंत कळलं, 'व्हय' म्हणाया कुणीच नाय."

मग त्यांनी नळी माझ्या टेबलावर ठेवली.

"उद्या तिला आणाया जायचंय. हे परत बसव. म्या बसवून पाहिलं, तिरकं बसतंय. अन् तिला सांगू नगंस मला कळलंय म्हणून. तिला वाटतंय तिनं मला फसवलंय. तवापासून लई खुशीत हाय."

"आणि काकवीचं?" माझ्या तोंडून निसटलं.

"कसली काकवी?" नाना म्हणाले. पण मिशीतल्या मिशीत हसले, आणि मला कळलं की पेचकस घालताना त्यांनीही बोट चाटलं होतं.

मी नळी बसवली, सरळ. नाना निघाले. गल्लीच्या तोंडाशी केळ्यांचा हातगाडा मागून आला आणि त्यांच्या पुढं गेला. त्यांनी मोठ्या दिमाखानं त्याला हात करून वाट दिली.

माय मिसरीची डबी बंद करत म्हणाली, "अजिन्या, रंग आण. पाटी बदलायची हाय."